बाळ गंगाधर खेर

बाळ गंगाधर खेर ऊर्फ बाळासाहेब खेर (२४ ऑगस्ट १८८८, रत्नागिरी – ८ मार्च १९५७, पुणे) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, सॉलिसिटर, काँग्रेसचे नेते आणि मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९३७ ते १९३९ आणि १९४६ ते १९५२ अशा दोन कालखंडांत त्यांनी मुंबईचे सरकार चालविले. भारतीय राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आल्यानंतर याच पदास मुख्यमंत्री असे नाव मिळाले. त्यामुळे मुंबईचे पंतप्रधान आणि मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री अशा दोन्ही नावांनी त्यांचा उल्लेख होतो. पुढे ते भारताचे ब्रिटनमधील उच्चायुक्त आणि पहिल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५४ साली, म्हणजे पद्म पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, त्यांना पद्मविभूषण देण्यात आले.

नाव व जन्मगाव यांच्या साम्यामुळे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक आणि खेर यांच्यात नवख्या वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव असतो. दोघांचाही जन्म रत्नागिरीचा असला, तरी त्यांच्यात एका पिढीचे अंतर आहे. दोघांचा राजकीय पिंडही भिन्न होता. टिळकांचे आयुष्य सत्तेशी झगडण्यात गेले, तर खेर यांच्या वाट्याला तुरुंग आणि सत्ता या दोन्ही गोष्टी आल्या.

पंतप्रधान या पदनामाविषयी

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांना मर्यादित स्वायत्तता दिली. प्रांतिक मंत्रिमंडळाच्या प्रमुखास तेव्हा पंतप्रधान किंवा मुख्य प्रधान म्हणत. देशाचा पंतप्रधान हा आजचा अर्थ त्या काळी रूढ नव्हता. हे पंतप्रधान विधिमंडळास जबाबदार असत. मात्र गव्हर्नरकडे विशेष अधिकार राखून ठेवलेले होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार यांसारखे विषय प्रांतांच्या हाती नव्हते. खेर यांच्या पहिल्या कारकिर्दीचा विचार करताना या मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात.

मुंबई प्रांत त्या वेळी बहुभाषिक होता. १९३६ मध्ये सिंध वेगळा झाल्यानंतरही त्यात मराठी, गुजराती आणि कानडी भाषक जिल्हे उरले होते. अशा प्रांताचा कारभार म्हणजे तीन भाषक समाजांच्या अपेक्षांचा तोल सांभाळणे होय. खेर यांच्या कारकिर्दीतील यश आणि त्यांच्यावरील टीका या दोहोंचे मूळ पुष्कळ अंशी या परिस्थितीत आहे.

प्रारंभीचे जीवन आणि शिक्षण

खेर यांचा जन्म रत्नागिरी येथे मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. बालपणाचा काही काळ त्यांनी जमखंडी संस्थानातील कुंदगोळ येथे घालविला. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात दाखल झाले. १९०८ मध्ये त्यांनी बी. ए. ची पदवी मिळविली आणि संस्कृतमधील प्रावीण्याबद्दल भाऊ दाजी पारितोषिक पटकाविले. संस्कृतची ही गोडी आणि शिक्षणाविषयीची आस्था त्यांच्या पुढील आयुष्यातही टिकून राहिली. दोन्ही मंत्रिमंडळांत शिक्षण खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले होते.

त्यानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँक बीमन यांच्याकडे त्यांनी काही काळ साहाय्यक म्हणून काम केले. १९१८ मध्ये त्यांनी सॉलिसिटरच्या व्यवसायात भागीदारीत पेढी सुरू केली. मणिलाल खेर या नावाने ती पेढी मुंबईच्या कायदेक्षेत्रात प्रसिद्ध झाली. मसुदा काळजीपूर्वक तपासणे, दोन्ही बाजू ऐकून घेणे आणि शक्यतो तडजोडीने प्रश्न मिटविणे या सॉलिसिटरच्या सवयी त्यांच्या राज्यकारभारातही दिसून येतात.

स्वातंत्र्यलढ्यातील सहभाग

खेर यांचा राजकारणातील प्रवेश १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धातील आहे. असहकाराची चळवळ थांबल्यानंतर चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी कायदेमंडळात शिरून सरकारशी सामना करण्याचे धोरण मांडले व स्वराज्य पक्ष स्थापन केला. या पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीस म्हणून खेर यांनी काम केले.

१९३० च्या सविनय कायदेभंगात भाग घेतल्याबद्दल त्यांना आठ महिन्यांची सक्तमजुरी व दंड अशी शिक्षा झाली. १९३२ मध्ये चळवळीचे दुसरे पर्व सुरू होताच त्यांना पुन्हा अटक झाली आणि या वेळी दोन वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यात आली. चांगली चालणारी पेढी सोडून मध्यमवयात दोनदा तुरुंगात जाण्याच्या या निर्णयामुळे काँग्रेसमध्ये त्यांच्याविषयी विश्वास निर्माण झाला. ते फर्डे वक्ते म्हणून किंवा जनआंदोलनाचे नेते म्हणून मात्र पुढे आलेले नव्हते.

१९३७ ची नेतेपदाची निवड आणि नरिमन प्रकरण

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी सर्वाधिक जागा काँग्रेसने जिंकल्या, परंतु निर्विवाद बहुमत थोडक्यात हुकले. विधिमंडळ पक्षाचा नेता कोण, हा प्रश्न लगेच उभा राहिला. मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष आणि शहरातील अत्यंत लोकप्रिय नेते के. एफ. (खुर्शेद) नरिमन यांचीच निवड होईल, असा अनेकांचा समज होता. प्रत्यक्षात मार्च १९३७ मध्ये पक्षाच्या आमदारांनी खेर यांना नेता निवडले.

ही निवड सरदार वल्लभभाई पटेल यांनी आपले वजन वापरून घडवून आणली, असा आरोप नरिमन यांनी केला. वृत्तपत्रांतून मोठा वाद पेटला. अखेरीस महात्मा गांधी आणि कायदेपंडित डी. एन. बहादुरजी यांनी या प्रकरणाची चौकशी केली. तिच्यात १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीतील नरिमन यांच्या वर्तनाचाही विचार झाला. निष्कर्ष नरिमन यांच्या विरोधात गेला आणि काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना पक्षातील जबाबदारीच्या पदांस अपात्र ठरविले. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी मात्र आपल्या आत्मकथनात नरिमन यांच्यावर अन्याय झाल्याचे मत नोंदविले आहे.

या वादात खेर यांच्या सचोटीवर कोणी शंका घेतल्याचे दिसत नाही. वाद होता तो पक्षश्रेष्ठींनी प्रांताचा नेता ठरवावा की नाही, यासंबंधी. हा प्रश्न भारतीय राजकारणात पुढे वारंवार उपस्थित झाला. मुंबईतील हे प्रकरण त्याचे एक आरंभीचे उदाहरण मानता येते.

पहिले मंत्रिमंडळ (१९३७–१९३९)

गव्हर्नर आपले विशेष अधिकार दैनंदिन कारभारात वापरणार नाहीत, असे आश्वासन मिळाल्याखेरीज सत्ता स्वीकारायची नाही, अशी काँग्रेसची भूमिका होती. त्यामुळे एप्रिल १९३७ मध्ये धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि कूपर मुंबईचे पहिले पंतप्रधान ठरले. काँग्रेसने सत्तास्वीकाराचा निर्णय घेतल्यानंतर १९ जुलै १९३७ रोजी खेर यांचे सात जणांचे मंत्रिमंडळ स्थापन झाले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे (अर्थ), कन्हैयालाल मुन्शी (गृह व कायदा), मोरारजी देसाई (महसूल), डॉ. मंचेरशा गिल्डर (आरोग्य व अबकारी), एल. एम. पाटील आणि एम. वाय. नुरी हे मंत्री होते. गुलझारीलाल नंदा व हंसा मेहता यांनी संसदीय चिटणीस म्हणून काम केले. काँग्रेसच्या ठरावानुसार मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपये वेतन स्वीकारले.

सव्वादोन वर्षांच्या अल्प काळात या सरकारने अनेक कामे हाती घेतली. राजकीय कैद्यांची सुटका झाली. सत्याग्रहात जप्त झालेल्या शेतजमिनी मूळ मालकांना परत मिळाव्यात यासाठी १९३८ मध्ये कायदा करण्यात आला. गुजरातेतील बार्डोली व खेडा भागांतील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा विषय होता. त्याच वर्षी अस्पृश्य मानलेल्या जातींना मंदिरे खुली करू इच्छिणाऱ्या विश्वस्तांच्या मार्गातील कायदेशीर अडथळे दूर करणारा कायदा झाला. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा १९३९ मध्ये संमत झाला.

शिक्षणक्षेत्रात वर्धा योजनेनुसार मूलोद्योगी शिक्षणाच्या शाळा सुरू करण्यात आल्या आणि प्रौढ साक्षरतेची मोहीम हाती घेण्यात आली. वर्धा योजनेचा विचार करण्यासाठी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने नेमलेल्या दोन समित्यांचे अध्यक्षपद खेर यांच्याकडे होते. हाताने काम करीत शिकण्याच्या या पद्धतीस व्यवहार्य शालेय आराखडा मिळवून देण्याचा प्रयत्न या समित्यांनी केला.

दारूबंदीचा निर्णय अधिक वादग्रस्त ठरला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. अबकारी उत्पन्नातील तूट भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला. मद्यव्यवसायाशी संबंध असलेल्या पारशी समाजातून याला तीव्र विरोध झाला. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी असल्याने समाजाचा रोष त्यांना विशेष सोसावा लागला.

खोती, कामगार आणि डॉ. आंबेडकरांचा विरोध

या विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विरोधी बाकांवर होते. कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधील मध्यस्थ असे व कुळांच्या पिळवणुकीस ही पद्धत कारणीभूत ठरली होती. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत कायदेमंडळावर मोर्चा नेला आणि त्यांच्या शिष्टमंडळाने पंतप्रधान खेर यांच्यापुढे मागण्या मांडल्या. तथापि काँग्रेस सरकारने ते विधेयक पुढे नेले नाही. खेर स्वतः रत्नागिरीचे. खोतीचा प्रश्न त्यांच्याच जिल्ह्यातील कुळांचा होता. त्यामुळे ही टाळाटाळ विशेष टीकेचा विषय झाली.

१९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाने संपापूर्वी सूचना व समेटाची प्रक्रिया बंधनकारक केली. यामुळे कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा येते, असे आंबेडकर व साम्यवादी नेत्यांचे म्हणणे होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. परक्या सत्तेच्या लाठ्या सोसलेल्या पक्षाच्या राजवटीत मुंबईच्या कामगारांवर गोळी चालली, ही गोष्ट या मंत्रिमंडळाच्या इतिहासातील एक दुखरी जागा आहे. विधेयक मात्र संमत झाले.

दुसऱ्या महायुद्धात भारतीयांना न विचारता देशाला ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या सर्व प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यानुसार नोव्हेंबर १९३९ च्या सुरुवातीस खेर सरकारही पायउतार झाले आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरकडे गेला.

सत्तेबाहेरील काळ

१९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात खेर यांना अटक झाली. ऑगस्ट १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात ते पुन्हा पकडले गेले आणि जुलै १९४४ मध्ये त्यांची मुक्तता झाली.

याच काळात, १९४० मध्ये, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील आदिवासींसाठी आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. शिक्षण आणि समाजसेवा यांच्या द्वारे आदिवासींची उन्नती साधावी, ही त्यामागील दृष्टी होती. काही वर्षांतच याच जिल्ह्यात गोदावरी परुळेकर व किसान सभा यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. सेवेचा मार्ग आणि संघर्षाचा मार्ग असे दोन भिन्न प्रवाह एकाच भूमीवर दिसू लागले. १९४६ मध्ये सत्तेवर आलेल्या खेर सरकारने या लढ्याच्या नेत्यांवर जिल्हाबंदीसारखे उपाय योजले.

दुसरे मंत्रिमंडळ (१९४६–१९५२)

१९४६ च्या निवडणुकीत काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले आणि त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत खेर पुन्हा पंतप्रधान झाले. मोरारजी देसाई यांच्याकडे गृह व महसूल, वैकुंठलाल मेहता यांच्याकडे अर्थ व सहकार आणि गुलझारीलाल नंदा यांच्याकडे कामगार खाते आले. तरुण यशवंतराव चव्हाण या सरकारात संसदीय चिटणीस होते.

घटना समितीतील कार्य

खेर हे घटना समितीचेही सदस्य होते. बंगालच्या फाळणीमुळे डॉ. आंबेडकर यांचे घटना समितीतील सदस्यत्व संपुष्टात येण्याची वेळ आली. तेव्हा समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी जून १९४७ अखेरीस खेर यांना पत्र लिहून आंबेडकर यांना मुंबईतून निवडून पाठविण्याची विनंती केली. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये आंबेडकर यांची निवड झाली. पुढच्याच महिन्यात ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. दहा वर्षांपूर्वी विधानसभेत ज्यांच्याशी खेर यांचा सतत सामना होत असे, त्याच विरोधकाचा घटनानिर्मितीचा मार्ग त्यांच्या सरकारच्या काळात मोकळा झाला.

शिक्षण

१९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाच्या विस्ताराची चौकट निश्चित केली. १९४८ च्या कायद्यानुसार १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे निवासस्थान व त्याचा विस्तीर्ण परिसर सरकारने या विद्यापीठास दिला; बॅ. जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. बडोदा, गुजरात व कर्नाटक ही विद्यापीठेही १९४९ मध्ये स्थापन झाली. त्यामुळे उच्च शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठावरच अवलंबून राहण्याची स्थिती बदलली.

शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी आठवीपासून शिकविण्याचे धोरण मात्र वादाचा विषय बनले. मातृभाषेतून शिक्षणाचा पाया पक्का व्हावा, हा त्यामागील हेतू होता. इंग्रजी उशिरा सुरू झाल्याने ग्रामीण व गरीब विद्यार्थी पुढे मागे पडतात, असे टीकाकारांचे म्हणणे होते. या वादाचे पडसाद महाराष्ट्राच्या शैक्षणिक धोरणात नंतरही दीर्घकाळ उमटत राहिले. शिक्षणावरील खर्चाचा विचार करण्यासाठी केंद्राने नेमलेली समितीही खेर समिती याच नावाने ओळखली जाते. केंद्राने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के आणि प्रांतांनी २० टक्के भाग शिक्षणावर खर्च करावा, अशी शिफारस तिने केली.

शेती, सहकार आणि सामाजिक कायदे

१९४८ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले. १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला. १९३७ मध्ये आंबेडकरांनी मांडलेली मागणी अशा रीतीने बारा वर्षांनी खेर यांच्याच राजवटीत कायद्यात उतरली. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. त्याच्या उभारणीस अर्थमंत्री वैकुंठलाल मेहता यांचा भक्कम पाठिंबा होता.

हरिजनांची सामाजिक अपात्रता दूर करणारा १९४६ चा कायदा, मंदिरप्रवेशाचा १९४७ चा कायदा, हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा आणि हिंदू घटस्फोट कायदा हे या सरकारचे महत्त्वाचे सामाजिक कायदे होत. केंद्रात हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये झाला, हे लक्षात घेता मुंबईचे पाऊल आधीचे ठरते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर १९५० मध्ये संपूर्ण राज्यात दारूबंदी लागू झाली.

फाळणी, निर्वासित आणि मुंबईची वाढ

फाळणीनंतर सिंधमधून निर्वासितांचे लोंढे मुंबईत आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून उल्हासनगर आकारास आले. मुलुंड, चेंबूर, शीव या भागांतही निर्वासितांच्या वसाहती वसल्या. घरटंचाईच्या पार्श्वभूमीवर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आणि १९४८ चा गृहनिर्माण मंडळाचा कायदा संमत झाला. एप्रिल १९५० मध्ये उपनगरे महापालिकेत सामील करून बृहन्मुंबईची निर्मिती झाली. तेव्हा तिची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व मध्य रेल्वेच्या बाजूस भांडुपपर्यंत गेली. मुलुंडचा समावेश मात्र १९५७ मध्ये झाला. गोरेगावची आरे दूध वसाहतही याच काळातील आहे.

गांधीहत्या आणि त्यानंतर

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेत स्फोट झाला व मदनलाल पाहवा पकडला गेला. मुंबईतील रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालकडून कटाची काही माहिती आधी मिळाली होती. स्फोटाची बातमी वाचल्यावर २१ जानेवारी रोजी त्यांनी खेर यांची भेट घेतली आणि मोरारजी देसाई यांना ती माहिती सांगितली. देसाई यांनी ती पोलिसांकडे दिली. परंतु ३० जानेवारीची हत्या टळू शकली नाही. मुंबई व दिल्लीच्या पोलिसांतील समन्वयाच्या अभावाचा विचार पुढे कपूर आयोगाने केला. त्या आयोगाचे काम सुरू होण्यापूर्वीच खेर यांचे निधन झालेले होते.

हत्येनंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे व व्यवसाय यांवर हल्ले झाले. स्वतः ब्राह्मण असलेल्या पंतप्रधानाच्या दृष्टीने हा काळ कठीण होता. त्याच सुमारास काँग्रेसमधील बहुजन नेत्यांची नाराजी उघड झाली. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी १९४७-४८ मध्ये शेतकरी कामगार पक्षाची वाट धरली.

भाषावार प्रांतरचना

१९४८-४९ मध्ये दक्षिण महाराष्ट्रातील संस्थाने, कोल्हापूर आणि बडोदा मुंबई प्रांतात विलीन झाली. त्याबरोबर संयुक्त महाराष्ट्राची मागणीही बळावत गेली. खेर यांनी या मागणीचे नेतृत्व केले नाही. बहुभाषिक राज्याचा प्रमुख म्हणून ते पक्षाच्या धोरणाशी बांधील राहिले. खेर व मोरारजी देसाई यांच्या डांग दौऱ्यानंतर तेथील बोली गुजरातीस जवळची असल्याचे मत पुढे आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठी नाराजी पसरली. मराठी भाषक मुख्यमंत्र्याने मराठीचा दावा सोडला, अशी टीका त्यांच्यावर झाली. १९६० च्या विभाजनात डांग गुजरातमध्ये गेला.

उच्चायुक्त आणि राजभाषा आयोग

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर एप्रिल १९५२ मध्ये मुख्यमंत्रिपद मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. त्याच वर्षी व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यानंतर खेर लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले व १९५४ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यानंतर विजयालक्ष्मी पंडित यांची नेमणूक झाली.

जून १९५५ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४४ नुसार नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. इंग्रजीच्या जागी हिंदीचा वापर क्रमाक्रमाने कसा वाढवावा, यासंबंधी आयोगाने १९५६ मध्ये अहवाल सादर केला. सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन यांनी हिंदीच्या घाईबद्दल भिन्नमतपत्रिका जोडल्या. पुढे दक्षिणेत उसळलेल्या भाषिक आंदोलनाची चाहूल त्यांत दिसते. संसदेपुढे हा अहवाल ऑगस्ट १९५७ मध्ये ठेवला गेला. तो पाहण्यास खेर हयात नव्हते. गांधी स्मारक निधीची जबाबदारीही अखेरच्या काळात त्यांच्याकडे होती. ८ मार्च १९५७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

स्वच्छ चारित्र्य, सौम्य स्वभाव आणि शिक्षणावरील निष्ठा यांबद्दल खेर यांना विरोधकांतही मान होता. दुसऱ्या मंत्रिमंडळात प्रशासनाची सूत्रे प्रत्यक्षात मोरारजी देसाई यांच्या हाती अधिक होती, असा आक्षेप मात्र घेतला जातो. कामगार, कुळे आणि आदिवासी यांच्या प्रश्नांवर त्यांच्या सरकारची पावले अनेकदा उशिरा पडली. दुसरीकडे कूळ कायदा, खोती निर्मूलन, नवी विद्यापीठे आणि सहकार यांचा जो पाया त्या काळात घातला गेला, त्यावर पुढील महाराष्ट्राची उभारणी झाली. लोकांना भारून टाकणारे नेतृत्व त्यांच्या ठायी नव्हते. पारतंत्र्यातील कायदेमंडळापासून प्रजासत्ताकातील विधानसभेपर्यंतच्या संक्रमणात एका मोठ्या व बहुभाषिक प्रांताचा कारभार घटनात्मक मार्गाने चालू ठेवणे, हे त्यांचे मुख्य कार्य होय.

मुंबईत मलबार हिल येथील एका रस्त्यास बा. गं. खेर मार्ग असे नाव देण्यात आले आहे.